न उपसलेल्या तेलाची किंमत

ऑगस्ट १९३१मध्ये टेक्सासचे गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांनी राज्याच्या पूर्व भागात लष्करी कायदा पुकारला आणि नॅशनल गार्डचे जवान तिकडे रवाना केले. पावसाने वाटांचा राडा झाला होता, म्हणून घोड्यांवरून. तिथे दंगल नव्हती, संप नव्हता, टोळीयुद्धही नव्हतं. जवानांनी तेलविहिरी बंद करायच्या आणि कुणी त्या चोरून उघडत नाही ना यावर पहारा ठेवायचा, एवढंच काम होतं. तेल हिसकावण्यासाठी सैन्य धाडल्याची उदाहरणं इतिहासात ढिगाने सापडतील. तेल जमिनीतून वर येऊ नये म्हणून सैन्य धाडल्याचं हे उदाहरण मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त मोलाचं आहे.

त्याआधी दहाच महिने, ऑक्टोबर १९३०मध्ये, ‘डॅड’ जॉइनर नावाच्या सत्तरीतल्या एका खटपट्या गृहस्थाला त्या भागात तेल लागलं होतं. मोठ्या कंपन्यांच्या भूगर्भतज्ज्ञांनी त्या जागेवर केव्हाच फुली मारली होती. निघालं ते तोवरचं अमेरिकेतलं सर्वात मोठं तेलक्षेत्र. मग जी झुंबड उडाली तिचं मूळ अमेरिकी कायद्यात होतं. जमिनीखालचं तेल जो वर काढेल त्याचं, असा तो कायदा. शेजाऱ्याने बोअर मारली की आपणही मारायची आणि त्याच्यापेक्षा खोल मारायची, नाहीतर आपल्या जमिनीखालचं पाणी तो ओढून नेतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पूर्व टेक्सासात तेच झालं. किलगोर गावात घरांच्या परसात आणि दुकानांच्या मागे मनोरे उभे राहिले. थांबेल तो बुडेल, म्हणून प्रत्येक जण उपसत सुटला. एक डॉलरच्या आसपास असलेला पिंपाचा भाव दहा सेंटांवर आला. मंदीचे दिवस, त्यात हा भाव. सगळेच बुडणार हे दिसत होतं, आणि तरीही आपण होऊन हात आवरायला कुणी तयार नव्हतं.

स्टर्लिंग यांची लष्करी कारवाई पुढे न्यायालयात टिकली नाही. टिकली ती त्यामागची युक्ती. किती तेल उपसायचं हे ठरवण्याचा अधिकार टेक्सासच्या रेलरोड कमिशनकडे आला. मुळात रेल्वेच्या दरांवर नजर ठेवण्यासाठी नेमलेलं हे मंडळ. तेलाच्या नळवाहिन्यांमुळे त्याचा तेलाशी संबंध आला आणि बघता बघता ते जगातल्या तेलाच्या भावाचं कारभारी होऊन बसलं. दर महिन्याला कमिशनची बैठक व्हायची, बाजारात मागणी किती आहे ते पाहिलं जायचं आणि विहिरी किती दिवस चालवायच्या ते ठरायचं. चोरून उपसलेल्या तेलाला ‘हॉट ऑइल’ हे नाव पडलं आणि त्याविरुद्ध १९३५मध्ये अमेरिकी संसदेने कायदाही केला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सासातल्या विहिरींना महिन्याचे जेमतेम आठ-नऊ दिवस चालण्याची परवानगी होती. उरलेले दिवस त्या चालू स्थितीत, पण बंद असायच्या.

या बंद विहिरींकडे नीट पाहायला हवं. तेलाच्या राजकारणावर आपल्याकडे जे बोललं जातं त्यात कुठल्या देशाकडे किती साठा आहे हा मुद्दा पहिला असतो. साठ्यांची यादी शाळेच्या पुस्तकांतही सापडते. पण भाव ठरतो तो दुसऱ्याच आकड्यावर. उद्या सकाळी कोण जास्त तेल काढू शकतो आणि आज मुद्दाम काढत नाही, हा तो आकडा. या व्यवसायात त्याला राखीव क्षमता म्हणतात. अमेरिकी ऊर्जा खात्याची व्याख्या काटेकोर आहे: महिन्याभरात सुरू करता येईल आणि किमान तीन महिने टिकवता येईल असं उत्पादन. अशी तोटी ज्याच्या हातात, त्याच्या दारात सगळे येतात.

टेक्सासची ही विद्या दोघांनी नीट अभ्यासली होती. व्हेनेझुएलाचे तेलमंत्री हुआन पाब्लो पेरेझ अल्फोन्सो आणि सौदी अरेबियाचे अब्दुल्ला तारिकी. तारिकी तर टेक्सास विद्यापीठातच शिकले होते. ऑगस्ट १९६०मध्ये न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने उत्पादक देशांना न विचारता तेलाची जाहीर किंमत कमी केली. या किमतीवरच त्या देशांचा महसूल ठरायचा. पुढच्याच महिन्यात इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला हे पाच देश बगदादमध्ये जमले आणि ओपेक जन्माला आली. रेलरोड कमिशन जगाच्या पातळीवर चालवायचं, हीच पेरेझ अल्फोन्सो यांची कल्पना होती. पहिली दहा वर्षं मात्र तिला कुणी भीक घातली नाही, कारण खरी तोटी अजून टेक्सासात होती.

जून १९६७मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं तेव्हा अरब देशांनी अमेरिका आणि ब्रिटनचं तेल तोडलं. परिणाम जवळजवळ शून्य. अमेरिकेने आपल्या बंद विहिरी उघडल्या, दिवसाला दहा लाख पिंपांच्या घरात उत्पादन वाढवलं, आणि सप्टेंबरपर्यंत ती बंदी अरबांनी स्वतःच गुंडाळली. सहा वर्षांनी, ऑक्टोबर १९७३मध्ये, तेच देश, तोच शत्रू, तेच हत्यार. आणि जगाची दाणादाण उडाली. या सहा वर्षांत बदललं होतं ते एका कमिशनच्या वहीतलं एक टक्केवारीचं कलम. मार्च १९७२मध्ये रेलरोड कमिशनने टेक्सासातल्या विहिरींना शंभर टक्के चालण्याची परवानगी दिली होती. मागणी एवढी वाढली होती की बंद ठेवायला विहीर उरली नव्हती. या बातमीचा तेव्हा फारसा गवगवा झाला नाही. माझ्या मते विसाव्या शतकाच्या तेलाच्या इतिहासातली ती सर्वात मोठी बातमी होती.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. १६ ऑक्टोबर १९७३ला आखाती देशांनी कुवेतमध्ये बसून जाहीर किंमत तीन डॉलरवरून पाच डॉलरच्या वर नेली. दुसऱ्या दिवशी अरब उत्पादकांनी दरमहा पाच टक्के कपातीचा निर्णय घेतला. डिसेंबरात तेहरानच्या बैठकीत आकडा ११ डॉलर ६५ सेंटांवर गेला. त्यासाठी सर्वात जास्त जोर लावला तो इराणच्या शहाने. त्याने एक पिंपही अडवलेलं नव्हतं. दुसऱ्याने तोटी आवळली की न आवळणाऱ्याचंही फावतं.

भारतावर अरबांनी बंदी घातली नव्हती, पण भाव सर्वांना सारखाच. योगायोग असा, की त्याच हिवाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारी १९७४मध्ये, मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या जपानी बनावटीच्या तराफ्याला बॉम्बे हायचं तेल लागलं. मे १९७६मध्ये उत्पादन सुरू झालं. १९८०च्या दशकाच्या मध्यात देशाची तेलाची सुमारे ७० टक्के गरज देशातच भागत होती, हे आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. आता आपण ८५ टक्क्यांहून जास्त तेल आयात करतो.

चढ्या भावाने जगभर नवं तेल बाहेर काढलं. उत्तर समुद्र, अलास्का, मेक्सिको. बॉम्बे हायचा त्यातला वाटा छोटा होता, पण तेही याच लाटेतलं. ग्राहक काटकसर शिकले, गाड्या कमी पेट्रोल पिऊ लागल्या. भाव टिकवायचा तर कुणीतरी उपसा कमी करायला हवा होता, आणि ओपेकमधला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. शेवटी तो भार सौदीवर पडला. १९८०-८१मध्ये दिवसाला एक कोटी पिंपांच्या आसपास असलेलं सौदी उत्पादन १९८५च्या उन्हाळ्यात पंचवीस लाखांच्याही खाली आलं. बाकीचे मात्र ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त तेल विकून मोकळे होत होते.

साठ्यांच्या आकड्यांची सर्वात मजेशीर गोष्ट याच काळात घडली. ओपेकमध्ये कुणी किती उपसायचं याच्या वाटाघाटींत साठा किती हा एक निकष होता. मग साठे वाढू लागले. जमिनीखाली नव्हे, कागदावर. कुवेतचा साठा १९८४मध्ये ६४ अब्ज पिंप होता, तो वर्षभरात ९० अब्ज झाला. नंतरच्या दोन-तीन वर्षांत अबू धाबीचा ३१ अब्जांचा आकडा ९२ झाला, इराणचा ४९चा ९३, इराकचा ४७चा १००, व्हेनेझुएलाचा २५चा ५६. सौदी अरेबियाने १७० अब्ज होते त्याचे २५५ केले. या उड्यांइतकं मोठं नवं तेलक्षेत्र त्या दरम्यान कुणाला लाभलं नव्हतं. आधीचे आकडे परदेशी कंपन्यांच्या काळातले, म्हणून मुद्दाम कमी धरलेले होते, असं समर्थन दिलं जातं आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण नंतर वर्षानुवर्षं अब्जावधी पिंपं उपसूनही यातले बरेच आकडे जागचे हलले नाहीत, याचं समर्थन करणं अवघड आहे. बाहेरच्या कुणाला ते तपासू देण्याची पद्धत नव्हती.

साठ्याचा आकडा मुळातच निसरडा असतो. सिद्ध साठा म्हणजे आजच्या तंत्राने आणि आजच्या भावाला काढायला परवडेल असं तेल. भाव वाढला की साठा वाढतो, उतरला की आटतो. ओरिनोको नदीच्या पट्ट्यातलं डांबरासारखं घट्ट तेल भाव चढल्यावर हिशेबात धरलं गेलं आणि व्हेनेझुएला ३०० अब्ज पिंपांसह सौदीच्याही पुढे, जगात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. प्रत्यक्षात काय? १९९०च्या दशकाच्या अखेरीस हा देश दिवसाला तीस लाखांहून जास्त पिंपं काढत होता. २००२-०३च्या संपानंतर सरकारी तेल कंपनीतल्या हजारो जाणत्या लोकांना काढून टाकलं, पैसा दुसरीकडे वळवला, वर अमेरिकेचे निर्बंध आले. आणि २०२०च्या मध्यावर उत्पादन पाच लाखांच्याही खाली गेलं. ते घट्ट तेल नळातून वाहावं म्हणून त्यात पातळ नॅफ्था मिसळावा लागतो, आणि तोही बाहेरून आणायची पाळी आली. जगातला सर्वात मोठा साठा असलेल्या देशात पेट्रोलसाठी रांगा लागल्या.

तर १९८५. सौदीची सहनशक्ती संपली. एकट्याने उपवास करायचा आणि जेवणाऱ्यांनी वर हसायचं, हे किती दिवस चालणार? त्यांनी तोटी पुरी उघडली. १९८६मध्ये भाव दहा डॉलरच्या खाली घसरला. तेलमंत्री शेख झकी यामानी यांची खुर्ची त्याच वर्षी गेली. तेलावर पोट भरणाऱ्या सोव्हिएत संघाचं कंबरडं त्या घसरणीने मोडलं, असं रशियाचे पुढचे हंगामी पंतप्रधान येगोर गायदार सांगत. अमेरिकेनेच सौदीकडून हे करवून घेतलं, अशी एक लोकप्रिय कथा आहे. तिची गरज वाटत नाही. सौदीची स्वतःची कारणं पुरेशी होती.

१९९०मध्ये सद्दाम हुसेनने कुवेतवर जे आरोप केले ते वाचताना पूर्व टेक्सासची आठवण होते. एक, कुवेत ठरल्यापेक्षा जास्त तेल उपसून भाव पाडतो. दोन, सीमेवरच्या रुमैला क्षेत्रातून तो इराकचं तेल ओढून नेतो. तिथे निवाडा करायला रेलरोड कमिशन नव्हतं, रणगाडे आले. दोन्ही देशांचं मिळून चाळीस लाखांहून जास्त पिंपांचं उत्पादन बाजारातून गेलं आणि भाव चाळीस डॉलरवर चढला. पण सौदीच्या बंद विहिरी उघडल्या, तूट भरून निघाली, आणि १७ जानेवारी १९९१ला इराकवर हवाई हल्ले सुरू झाल्यावर भाव वाढण्याऐवजी एका दिवसात दहा डॉलरनी कोसळला. भारताला मात्र ते मधले काही महिनेच भोवले. कुवेतमधून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अम्मानमार्गे विमानांनी मुंबईत उतरवले गेले, त्यांचे घरी येणारे पैसे थांबले, तेलाचं बिल फुगलं. परकीय चलनाची तिजोरी आधीच तळाला गेली होती. जुलै १९९१मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून परदेशात गहाण ठेवायला गेलं ते यामुळे.

राखीव क्षमता आज कुठे आहे? बहुतेक सगळी सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीत. म्हणजे होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा जवळपास पाचवा हिस्सा ज्या वाटेने जातो, ती सर्वात चिंचोळ्या ठिकाणी ३३ किलोमीटर रुंद आहे आणि जहाजांना ये-जा करायच्या मार्गिका तर दोन-दोन मैलांच्या. सौदीने लाल समुद्रावरच्या यान्बूपर्यंत आणि अमिरातीने फुजैरापर्यंत नळ टाकलेत, पण त्यांतून सगळं तेल मावत नाही. संकटात ज्या तोटीवर भरवसा ठेवायचा, ती संकटाच्याच दारात बसवलेली आहे. सप्टेंबर २०१९मध्ये सौदीच्या अबकैक प्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा मारा झाला तेव्हा एका पहाटे दिवसाचं ५७ लाख पिंपांचं उत्पादन थांबलं. सोमवारी बाजार उघडताच भाव उसळला, पण काही आठवड्यांत जागेवर आला. साठवणीतल्या तेलाने आणि वेगाने केलेल्या दुरुस्तीने तेव्हा निभावून नेलं.

अमेरिका आज जगातला सर्वात मोठा उत्पादक आहे, दिवसाला एक कोटी तीस लाखांहून जास्त पिंपं. तरीही २०२२च्या जुलैत अध्यक्ष जो बायडेन यांना जेद्दाला जावं लागलं, आणि ऑक्टोबरात ओपेकने रशियाच्या साथीने वीस लाख पिंपांची कपात जाहीर केली ती वेगळीच. शेल तेल काढणाऱ्या अमेरिकी कंपन्या असंख्य आहेत, प्रत्येक जण आपल्या फायद्यापुरतं पाहतो. थांबा म्हणणारं कुणी नाही आणि वाढवा म्हटलं तर ऐकणारंही कुणी नाही. बायडेन यांच्या हातात होती ती टेक्सास आणि लुइझियानाच्या मिठाच्या गुहांमध्ये भरून ठेवलेली सरकारी गंगाजळी. त्यातून त्यांनी १८ कोटी पिंपं बाजारात ओतली.

एप्रिल २०२०ची गोष्ट याच्या अगदी उलट. करोनाने जग घरात बसवलेलं, आणि त्याच सुमारास सौदी आणि रशिया हट्टाला पेटून तोट्या सोडून बसलेले. अमेरिकी तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याची मुदत संपायला एक दिवस उरला होता. वायदा हातात राहिला तर ओक्लाहोमातल्या कुशिंग गावी जाऊन खरंखुरं तेल उचलावं लागतं, आणि कुशिंगच्या टाक्या एकतर भरलेल्या किंवा आधीच कुणी अडवून ठेवलेल्या. २० एप्रिलला भाव उणे ३७ डॉलर ६३ सेंटांवर बंद झाला. तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या.

याचा फटका मुंबईला कसा बसला ते पाहण्यासारखं आहे. टाळेबंदीमुळे मुंबईच्या एमसीएक्स या वायदे बाजाराची वेळ तेव्हा संध्याकाळी पाचपर्यंतच होती. पाचला तेलाचा सौदा पिंपाला ९६५ रुपयांच्या आसपास थांबला. न्यूयॉर्कचा भाव कोसळला तो आपल्या मध्यरात्री. एमसीएक्सच्या सौद्याचा शेवटचा हिशेब न्यूयॉर्कच्या भावाने होतो, म्हणून तो लागला उणे २,८८४ रुपयांनी. ९६५ला तेल ‘स्वस्त’ समजून शंभर पिंपांचा एक सौदा घेणारा सकाळी उठला तेव्हा पावणेचार लाखांहून जास्त देणं लागत होता. त्याला तेलाचा एक थेंबही दिसलेला नव्हता. दलाल मुंबई उच्च न्यायालयात गेले, ओरड झाली, पण हिशेब तोच राहिला.

त्याच महिन्यात ओपेक आणि रशियाच्या गटाने दिवसाला ९७ लाख पिंपांची कपात ठरवली, आणि टेक्सासच्या रेलरोड कमिशनने विहिरींवर पुन्हा बंधन घालावं का यावर सुनावणी घेतली. जवळपास अर्ध्या शतकाने. तासन्‌तास चर्चा झाली आणि मे महिन्यात विषय सोडून देण्यात आला.

रशियाने युक्रेनवर स्वारी केल्यावर पाश्चात्त्य देशांनी जे केलं तेही याच चष्म्यातून वाचावं. रशियाचं तेल बाजारातून पूर्ण काढलं तर त्या जागी आणायला जगाकडे तेवढी राखीव क्षमता नव्हती. म्हणून डिसेंबर २०२२मध्ये सरसकट बंदीऐवजी साठ डॉलरची कमाल किंमत आली. तेल वाहू द्या, नफा कमी करा. ते तेल कुणीतरी घ्यायला हवंच होतं, आणि भारताने घेतलं. आपल्या आयातीतला रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता, तो एक तृतीयांशाच्या वर गेला. या खरेदीवरून अमेरिकेने भारतावर २५ टक्के जादा आयातशुल्क लादलं ते ऑगस्ट २०२५मध्ये, म्हणजे साडेतीन वर्षांनी. त्या वर्षी एप्रिलपासून ओपेक आणि तिचे साथीदार आपल्या कपाती मागे घेत होते आणि बाजारात तेल मुबलक होतं. नैतिकतेचा आवाज नेमका तेल स्वस्त असतानाच चढतो, असं मला वाटतं.

भारताकडे तोटी नाही आणि लवकर येण्याची चिन्हंही नाहीत. आहे ती साठवण. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि उडुपी जिल्ह्यातलं पादूर इथे खडक पोखरून केलेल्या गुहांमध्ये मिळून ५३ लाख ३० हजार टन तेल मावतं. या गुहा भूजल पातळीच्या खाली आहेत. भोवतालच्या पाण्याचा दाब तेलाला खडकाच्या भेगांतून निसटू देत नाही. २०२०च्या एप्रिल-मेमध्ये भाव तळाला असताना सरकारने या गुहा पिंपाला सरासरी १९ डॉलरने भरून घेतल्या आणि सुमारे पाच हजार कोटी रुपये वाचवले. इतक्या वेळेवर केलेली सरकारी खरेदी विरळाच. पण या गुहा पूर्ण भरल्या तरी त्यांतलं तेल देशाला साडेनऊ दिवसच पुरतं. तेल कंपन्यांच्या टाक्या धरून सरकारी हिशेब ७४ दिवसांचा होतो. १९७३च्या धड्यातून उभी राहिलेली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था आपल्या सदस्यांना ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवायला लावते. पादूरचा दुसरा टप्पा आणि ओडिशातलं चंडीखोल अशा आणखी ६५ लाख टनांच्या साठवणीला केंद्राने जुलै २०२१मध्ये मंजुरी दिली आहे. व्हेनेझुएलाच्या ३०० अब्ज पिंपांच्या बातम्यांपेक्षा या ६५ लाख टनांच्या कामाची बातमी वाचकाने जास्त लक्ष देऊन वाचावी.